‘हैदराबाद’ नांवाचीं विमानें

आपल्याकडे नांदेड-लातूर भागांत ‘हैदराबाद’ हें नांव निघालें कीं वडील मंडळींच्या बोलण्यांत प्रथम येतें तें निजामी राज्य, हालीसिक्का, उर्दू शाळा, रझाकार आणि १९४८ सालचा सप्टेंबर महिना. हें स्वाभाविकच आहे. परंतु याच नांवाचा दुसरा एक संसार सातासमुद्रांपलीकडे मांडला गेला होता, आणि आपल्या पूर्वजांनीं भरलेल्या शेतसाऱ्याशीं त्याचा कांहीं संबंध होता, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं इंग्लंडच्या हवाई दलांत लढाऊ विमानांची एक तुकडी होती. तिचा क्रमांक १५२ आणि तिचें अधिकृत नांव ‘हैदराबाद’. तिच्या मानचिन्हावर गरुड नव्हता, सिंह नव्हता, तलवारहि नव्हती. तेथें होती निजामाची दस्तार. खालीं ब्रीदवाक्य होतें, ‘विश्वासू दोस्त’. पहिल्या महायुद्धांतील मदतीबद्दल इंग्रज सरकारनें निजामास जो किताब दिला त्यांतूनच तें उचललेलें होतें.

या तुकडीचा इतिहास वाचूं लागलें कीं आणखी एक मौज ध्यानांत येते. जानेवारी १९४० पासून मार्च १९४६ पर्यंत, म्हणजे सहा वर्षांहून थोडा अधिक काळ, या तुकडीनें ‘स्पिटफायर’ हें एकाच नांवाचें विमान वापरलें. पण आरंभीं जें विमान तिला मिळालें आणि अखेरीस जें तिच्या हातीं होतें, त्यांत नांव व घाट यांपलीकडे साम्य फार थोडें उरलें होतें. इंजिन बदललें, पंखा बदलला, बंदुकांच्या जोडीस तोफा आल्या, नाक लांबलें, शेपूट वाढलें. आपल्या जुन्या वाड्यांचें असेंच होतें. पणजोबांनीं दोन खणांचें घर बांधलें, आजोबांनीं सोपा काढला, चुलत्यांनीं माडी चढविली, वडिलांनीं न्हाणीघरांत नळ आणला. तरी पत्ता विचारणाऱ्यास गांवांत ‘कुलकर्ण्यांचा वाडा’ असेंच सांगतात. विमानाचा हा वाडा कोणीं, कां व किती घाईनें वाढविला, तें येथें पाहावयाचें आहे. आणि त्याचा खर्च कोणाच्या खिशांतून गेला, तेंहि.

नांवाची हकीकत १९१८ पासून सुरू होते. त्या वर्षीं इंग्रजी हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या तुकडीस निजाम मीर उस्मान अली खान यांनीं तिचीं पहिलीं सारीं विमानें देणगीदाखल दिलीं, आणि प्रत्येक विमानाच्या अंगावर तशीं अक्षरें रंगविलीं गेलीं. हीं बाँब टाकणारीं, दुमजली पंखांचीं ‘डी. एच. ९ ए’ जातीचीं विमानें होतीं. त्यांची जातहि दुरुस्तींतूनच निघालेली. मूळच्या ‘डी. एच. ९’ चें इंजिन इतकें दुबळें व बेभरंवशाचें ठरलें कीं तें काढून त्या जागीं सुमारें ४०० अश्वशक्तीचें अमेरिकन ‘लिबर्टी’ इंजिन बसवावें लागलें, आणि नांवाच्या शेवटीं ‘ए’ हें अक्षर जोडलें गेलें. ही सुधारलेली जात प्रथम हातीं घेणारी तुकडी हैदराबादचीच होती. त्यांतील एक विमान ऑक्टोबर १९१८ मध्यें जर्मनांच्या हातीं पडलें, पुढें बर्लिनच्या संग्रहालयांत गेलें, दुसऱ्या युद्धानंतर पोलंडांत सांपडलें आणि आतां लंडनमधील हेंडन येथें हवाई दलाच्या संग्रहालयांत विसावलें आहे.

१९३९ च्या सप्टेंबरांत पुन्हां युद्ध पेटलें तेव्हां ही परंपरा दुपटीनें चालविण्यांत आली. ऑक्टोबर महिन्यांत १५२ क्रमांकाची ‘हैदराबाद’ आणि २५३ क्रमांकाची ‘हैदराबाद स्टेट’ अशा दोन तुकड्या नव्यानें उभ्या राहिल्या. दुसरीस ‘हरिकेन’ विमानें मिळालीं. पहिलीस आरंभीं जुनीं दुमजली ‘ग्लॅडिएटर’ आणि तीन महिन्यांतच ‘स्पिटफायर’.

आतां पैशाचा प्रश्न. देणगी दरबारच्या खजिन्यांतून गेली असो वा निजामाच्या सर्फ-ए-खासांतून, दोन्ही पेट्या भरत होत्या त्या मुख्यतः रयतेच्या साऱ्यावर. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पांच जिल्हे त्यांत आपला वांटा घालीत. (लातूर तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांतील एक तालुका होता, स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ सालीं.) कापूस, ज्वारी, करडई पिकविणाऱ्या शेतकऱ्यास आपल्या साऱ्यांतून कोणत्या आकाशांत काय उडतें याची वार्ताहि नव्हती, आणि त्यास कोणीं विचारलेंहि नाहीं. याहून बोचणारी गोष्ट निराळीच आहे. १९३८ सालीं हैदराबाद संस्थानांत स्टेट काँग्रेसवर ती नीट स्थापन होण्याच्या आंतच बंदी आली होती. त्या वर्षाच्या अखेरीस व १९३९ च्या पूर्वार्धांत सत्याग्रह करून हजारों माणसें तुरुंगांत गेलीं. ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून व विद्यालयांतून काढून लावण्यांत आलें. त्याच १९३९ च्या ऑक्टोबरांत त्याच संस्थानाचें नांव धारण करून परक्या देशांतील तरुण स्वातंत्र्यासाठीं लढावयास सज्ज होत होते! त्या तरुणांचा यांत दोष नाहीं. त्यांतील बहुतेकांना नांदेड कोठें आहे हें नकाशावरहि दाखवितां आलें नसतें.

तें विमान मात्र अप्रतिम होतें, हें कबूल केलेंच पाहिजे. रेजिनाल्ड मिचेल या इंजिनिअराच्या कल्पनेंतून निघालेल्या स्पिटफायरनें ५ मार्च १९३६ रोजीं पहिलें उड्डाण केलें. त्या वेळीं मिचेल दुर्धर रोगानें पोखरला गेला होता. जून १९३७ मध्यें अवघ्या बेचाळिसाव्या वर्षीं तो वारला आणि पुढचें सारें काम जोसेफ स्मिथ या त्याच्या सहकाऱ्यानें पार पाडलें. मूळ आराखड्याचें यश मिचेलचें. पण त्या आराखड्यांतून वीसाहून अधिक आवृत्त्या काढण्याचें श्रेय स्मिथचें. लोक पहिल्याचें नांव घेतात आणि दुसऱ्याचें विसरतात. संसारांतहि वाडा बांधणाऱ्याचें नांव राहतें, गळती काढणाऱ्याचें राहत नाहीं.

‘मार्क १’ म्हणून जी पहिली आवृत्ति हैदराबाद तुकडीस मिळाली तिचें ‘मर्लिन’ इंजिन सुमारें १,०३० अश्वशक्तीचें होतें. पातळ लंबवर्तुळाकार पंखांत आठ मशीनगन बसविलेल्या होत्या आणि वेग ताशीं साडेतीनशें मैलांवर जाई. कागदावर हें सारें उत्तम. प्रत्यक्ष वैमानिकांच्या तक्रारी पुष्कळ होत्या. सुरुवातीच्या विमानांत जमीन सोडल्यावर चाकें आंत घेण्यासाठीं वैमानिकास एका हातानें पंप हापसावा लागे. त्या धक्क्यांनीं दुसऱ्या हातांतील दांडाहि हालत असे आणि विमान घोड्यासारखें खालींवर उसळत वर जाई. विमानाच्या तोंडचा पंखा प्रथम लांकडी, दोन पात्यांचा व ठाम बसविलेला होता. पुढें तीन पात्यांचा धातूचा पंखा आला, पण त्याचीं पातीं दोनच कोनांत वळत: एक उडतांना, एक वेगानें जातांना. मोटारीला पहिला व शेवटचा एवढेच दोन गिअर असावे तसाच हा प्रकार. डोक्यावरची कांचेची टोपी इतकी बसकी होती कीं उंच वैमानिकाचें डोकें तिला घांसे. पाठीमागें पोलादी पत्रा नव्हता, समोरची कांच गोळी अडविणारी नव्हती, मागचें दिसावयास आरसा नव्हता. यांतील कांहीं सुधारणा कारखान्यानें केल्या, कांहीं तळावरच्या मिस्त्र्यांनीं; आरसे तर कित्येकांनीं मोटारीच्या दुकानांतून आणून स्वतः बसविले.

या मैदानी दुरुस्त्यांत सर्वांत मोठी दुरुस्ती १९४० च्या उन्हाळ्यांत झाली. फ्रान्स पडला होता, जर्मन विमानें खाडीपलीकडे येऊन बसलीं होतीं, आणि पंख्याच्या पात्यांचा कोन आपोआप हवा तसा बदलणारें यंत्र आपल्या लढाऊ विमानांस नाहीं ही उणीव तेव्हां कोठें निकडीची वाटूं लागली. विमानें कारखान्यांत परत बोलावण्यास वेळ नव्हता. तेव्हां डी हॅविलँड कंपनीचे मिस्त्री सामान घेऊन तळा-तळावर हिंडले आणि जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, सुमारें सात आठवड्यांत, स्पिटफायर व हरिकेन मिळून हजारांवर विमानांना त्यांनीं नवें यंत्र बसविलें. कागदपत्रांचे सोपस्कार मागाहून उरकले गेले. हें काम झाल्यावर विमान अधिक झपाट्यानें चढूं लागलें व अधिक उंचीवर झुंजूं लागलें. याच सुमारास शंभर ऑक्टेनचें पेट्रोल मिळूं लागलें होतें, त्यामुळें इंजिनावर अधिक दाब देतां येऊं लागला. ‘ब्रिटनची लढाई’ म्हणून जें युद्ध प्रसिद्ध आहे त्याच्या ऐन तोंडावर हे बदल झाले, आणि हैदराबाद तुकडी जुलैमध्यें इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील वॉर्मवेल येथें पोर्टलंड बंदराच्या रक्षणास गेली ती या काळांत. तिच्यांतील एरिक मार्स हा विशीच्या आंतला वैमानिक घरीं आईवडिलांस सविस्तर पत्रें लिहीत असे. तीं पुढें छापलीं गेलीं. जुलै १९४१ मध्यें तो ब्रेस्टवरील मोहिमेंत मारला गेला.

एक खोड मात्र राहिली होती, आणि ती जिवावर बेतणारी होती. विमानाचें नाक एकदम खालीं दाबलें कीं मर्लिन इंजिनाचें पेट्रोल कार्ब्युरेटरांत वर उसळे आणि इंजिन क्षणभर गुदमरे. जर्मन विमानांत पेट्रोल पंपानें थेट आंत सोडलें जाई, त्यांना ही अडचण नव्हती. म्हणून पाठलाग चुकविण्यासाठीं ते सरळ सूर मारीत. इंग्रजी वैमानिक आधीं विमान उलटें करीत व मग सूर मारीत, म्हणजे मौल्यवान क्षण दवडीत. यावर तोड काढली ती एका बाईनें. फार्नबरोच्या सरकारी संशोधन-संस्थेंतील इंजिनिअर मिस बिअट्रिस शिलिंग यांनीं पेट्रोलच्या नळींत बसवावयाचें अंगुस्तानाएवढें पितळी बूच तयार केलें. त्याच्या छिद्रांतून इंजिनास लागेल तेवढेंच पेट्रोल जाई, जास्त उसळी येत नसे. १९४१ च्या आरंभीं त्या स्वतः मोटारसायकलवर बसून तळांवर जात व आपल्या माणसांकडून तें बसवून घेत. खर्च म्हणाल तर काडीमोलाचा, आणि विमान उघडून ठेवावें लागत नसे. मोठ्या विद्वानांच्या समित्यांना जें सुचलें नाहीं तें कामाच्या जागीं हात काळे करणाऱ्या बाईला सुचलें. आमच्या घरांतील मुलींना शिलिंगबाईंची गोष्ट अवश्य सांगावी.

आतां ज्या माणसाचा विषय काढावयाचा आहे त्याचा आपल्या भागाशीं संबंध पुढें यावयाचा आहे, म्हणून वाचकांनीं त्याचें नांव ध्यानांत ठेवावें. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन. पहिल्या युद्धांत वैमानिक होता. थंडीपासून रक्षण करणारा ‘सिडकॉट’ नांवाचा वैमानिकी पोशाख त्यानेंच काढलेला. १९३९ सालीं एका प्रवासी विमानांत कॅमेरे दडवून त्यानें जर्मनीचे फोटो चोरून घेतले होते. युद्ध सुरू झाल्यावर हवाई दलानें फोटोचें काम त्याच्याकडे सोंपविलें, तेव्हां त्यानें दोन स्पिटफायर मागून घेतलीं. मॉरिस लाँगबॉटम नांवाच्या तरुण अधिकाऱ्यानें, टेहळणी करावयाची तर झुंजूं नये, उंच व वेगानें पळावें, असें टिपण आधींच लिहून ठेवलें होतें. कॉटननें तें अक्षरशः अमलांत आणलें. आठहि मशीनगन काढून टाकल्या, त्यांच्या जागीं पंखांत कॅमेरे बसविले, बंदुकांचीं भोकें झांकलीं, पत्र्यांच्या सांध्यांत प्लास्टर भरून तें घांसून गुळगुळीत केलें, आणि सबंध विमानास आकाशांत मिसळून जाणारा फिकट हिरवट रंग दिला. विमान हलकें झालें व वेग ताशीं सुमारें तीस मैलांनीं वाढला. १८ नोव्हेंबर १९३९ रोजीं लाँगबॉटमनें असें एक निःशस्त्र विमान तीस हजार फुटांहून अधिक उंचीवरून जर्मन सरहद्दीवर नेलें. पुढें यांतूनच स्पिटफायरची एक निराळी शाखा निघाली. तींत बंदुकीच्या जागीं कॅमेरा आणि दारूगोळ्याच्या जागीं पेट्रोल. स्वतः कॉटनचें मात्र वरिष्ठांशीं जमलें नाहीं. नियम मोडण्याची त्याची हौस दांडगी होती. जून १९४० मध्यें त्यास त्या कामावरून दूर करण्यांत आलें.

सप्टेंबर १९४० मध्यें जर्मनांनीं साउदॅम्प्टनचा स्पिटफायरचा मूळ कारखाना बाँब टाकून उध्वस्त केला. त्यानंतर तेथील काम एका छपराखालीं कधींच झालें नाहीं. दक्षिण इंग्लंडांतील मोटारींचीं गॅरेजें, बसगाड्यांचीं आगारें, धुलाईखाने अशा जागांत सांचे मांडले गेले. कोठें पंख, कोठें शेपूट, कोठें धड तयार होई आणि जोडणी तिसरीकडेच. बर्मिंगहॅमजवळ कॅसल ब्रॉमविच येथें मोठा नवा कारखाना निघाला होता. त्यांतून प्रथम ‘मार्क २’ बाहेर पडलें व १९४१ च्या मार्चमध्यें तेंच हैदराबाद तुकडीस मिळालें. युद्ध संपेपर्यंत वीस हजारांवर स्पिटफायर झालीं, त्यांतील निम्म्याहून अधिक या एका कारखान्याचीं.

‘मार्क ५’ ची गोष्ट शिकण्यासारखी आहे. तें आराखड्याच्या टेबलावर ऐटींत जन्मलें नाहीं. हातांत असलेल्या धडांत अधिक जोराचें इंजिन बसवून वेळ मारून नेण्यासाठीं तें काढलें आणि साडेसहा हजारांच्या आसपास बनविलें गेलें. त्याचे पंख तीन तऱ्हांचे: एकांत आठ मशीनगन, दुसऱ्यांत दोन तोफा व चार मशीनगन, तिसरा असा कीं दोहोंपैकीं हवें तें बसवावें. खालच्या हवेंत चपळाई यावी म्हणून पंखांचीं टोकें छाटलीं जात. पुढें हैदराबाद तुकडी १९४२ च्या नोव्हेंबरांत उत्तर आफ्रिकेंत गेली. तेथें शत्रूपेक्षां धूळ वाईट. वाळू इंजिनांत जाऊन थोड्याच तासांत त्याचे सिलिंडर झिजत. कारखान्यानें नाकाखालीं एक मोठी गाळणी बसवून दिली होती. तिच्यानें इंजिन वांचे, पण हनुवटीस गलगंड झाल्यासारखें विमान दिसे, आणि वेगहि घटे. तेव्हां ईजिप्तमधील अबुकीर येथील दुरुस्ती-तळावरच्या लोकांनीं आपल्या अकलेनें लहान व सुबक गाळणी बनविली. ती कारखान्याच्या गाळणीपेक्षां सरस ठरली. त्याच तळानें १९४२ च्या उन्हाळ्यांत आणखी एक चमत्कार केला. जर्मनांचें एक टेहळणी विमान इतक्या उंचीवरून येई कीं कोणतेंहि विमान तेथवर पोंचत नसे. अबुकीरच्या मिस्त्र्यांनीं एका ‘मार्क ५’ मधील पोलादी पत्रे काढले, नेहमींच्या तोफा-बंदुकांच्या जागीं दोनच जड मशीनगन ठेवल्या, बॅटरीसुद्धां लहान केली, आणि ऑगस्टमध्यें त्या उंच पाहुण्यास गांठलें. माल्टा बेटावर तर स्थानिक लोहारकामानेंच पंखांखालीं बाँब टांगण्याच्या कड्या केल्या. १९४४ मध्यें फ्रान्सच्या किनाऱ्यावर फौजा उतरल्यावर याच कड्यांना कित्येकांनीं बिअरचीं पिंपें टांगून नेलीं. ती मैदानी सुधारणा आमच्या वाचकांपुढें विस्तारानें मांडण्याचें कारण नाहीं.

१९४१ च्या शरदांत जर्मनांचें ‘फॉके-वुल्फ १९०’ हें विमान आलें आणि ‘मार्क ५’ मागें पडलें. यावर खरा उपाय म्हणून ‘मार्क ८’ चा आराखडा चालू होता: नवें दुहेरी दाबाचें मर्लिन इंजिन, मजबूत धड, पंखांच्या पुढच्या कडेंत जादा पेट्रोल, आंत ओढून घेतां येणारें शेपटाचें चाक आणि उष्ण प्रदेशासाठीं अंगभूत गाळणी. पण तें तयार होईपर्यंत दम कोण धरणार? म्हणून तेंच नवें इंजिन ‘मार्क ५’ च्या धडांत कोंबून ‘मार्क ९’ काढलें. आठव्याच्या आधीं नवव्यानें जन्म घेतला तो असा. जुलै १९४२ मध्यें तें लढाईवर आलें, आणि ही तात्पुरती सोय इतकी नामी ठरली कीं युद्ध संपेपर्यंत तीच चालू राहिली. अशीं साडेपांच हजारांवर विमानें झालीं. ज्यावर सारी कारागिरी खर्ची पडली तें ‘मार्क ८’ सोळाशेंच्या पुढें थोडें गेलें. आपल्या घरीं अंगणावर ‘यंदाच्या पावसापुरते’ म्हणून घातलेले पत्रे ज्यांनीं वीस वर्षें पाहिले आहेत, त्यांना याचें नवल वाटावयास नको.

मधल्या काळांत उंच आकाशासाठीं निराळीच जात निघाली होती, आणि तिचा संबंध दुसऱ्या एका मराठी दरबाराशीं येतो. १२४ क्रमांकाच्या तुकडीचें नांव ‘बडोदा’, गायकवाडांच्या संस्थानावरून. जुलै १९४२ मध्यें तिला ‘मार्क ६’ मिळालें. त्याचे पंख टोकदार, पंखा चार पात्यांचा आणि बसण्याची जागा हवाबंद. झांकण मात्र उड्डाणापूर्वीं बाहेरून पक्कें बसवीत; तें मागें सरकवून हवा घ्यावी अशी सोय नव्हती, संकटकाळीं फेकून देणें एवढाच मार्ग. जमिनीवर उभें असतां वैमानिक आंत उकडून निघे. पुढील ‘मार्क ७’ मध्यें ही अडचण दूर झाली. १३२ क्रमांकाची ‘मुंबई शहर’ तुकडीहि स्पिटफायरचीच होती. म्हणजे हैदराबाद, बडोदा व मुंबई अशीं आपल्या ओळखीचीं तीन नांवें एकाच विमानावर फिरत होतीं.

१९४३ च्या अखेरीस हैदराबाद तुकडी हिंदुस्थानांत आली. पण हैदराबादला नव्हे, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. आतां तिच्याजवळ ‘मार्क ८’ होतें. जंगल, चिखल आणि महिनोन्महिने न थांबणारा पाऊस यांत त्या अंगभूत गाळणीची व जादा पेट्रोलची किंमत कळली. या विमानांच्या धडावर त्यांनीं झेप घेणारा काळा बिबळ्या रंगविला होता. तो अधिकृत चिन्हांत नव्हता. दस्तार कागदावर राहिली आणि बिबळ्या विमानावर आला. अराकान व इंफाळच्या लढायांत ही तुकडी होती. १९४४ मध्यें याच जातीचीं विमानें आपल्या हवाई दलाच्या आठव्या तुकडीस मिळालीं, आणि हिंदी वैमानिक प्रथमच स्पिटफायर घेऊन लढाईवर गेले. युद्धानंतर हैदराबाद तुकडीच्या हातीं कांहीं आठवडे ‘मार्क १४’ आलें. त्याचें ‘ग्रिफन’ इंजिन दोन हजार अश्वशक्तीचें, म्हणजे पहिल्याच्या दुप्पट, पंखा पांच पात्यांचा आणि वेग ताशीं साडेचारशें मैलांच्या घरांत. मार्च १९४६ मध्यें सिंगापूर येथें तुकडी विसर्जित झाली.

हिंदुस्थानांत लढाऊ विमान बनविण्याचा एक प्रयत्न याच काळांत झाला, आणि तो करणारा आपल्या शेजारच्या सोलापूरचा. वालचंद हिराचंद यांनीं म्हैसूर संस्थानाच्या सहकार्यानें डिसेंबर १९४० मध्यें बंगलोरास हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. १९४२ मध्यें तेथें अमेरिकन आराखड्याचें कर्टिस हॉक लढाऊ विमान जोडून उडविण्यांत आलें. पण सरकारनें कारखाना आपल्या हातीं घेऊन त्यास दुरुस्तीच्या कामास जुंपलें. निजामाच्या पैशांतून परदेशीं विमानें गेलीं. सोलापूरच्या शेठजींनीं देशांत कारखाना उभा केला. दोहोंची तुलना वाचकांनीं करावी.

आतां सिडनी कॉटनकडे परत येऊं. १९४८ सालीं हिंदी संघराज्यानें हैदराबादची शस्त्रांची वाट अडविली होती, आणि संस्थानांत रझाकारांचा धुमाकूळ माजला होता. नांदेड, लातूर, उमरगें या भागांतून कितीतरी कुटुंबें घरदार टाकून सरहद्दीपलीकडे सोलापूर, बार्शीकडे गेलीं. त्या दिवसांत रात्रीच्या अंधारांत कराचीहून चार इंजिनांचीं ‘लँकास्ट्रियन’ विमानें शस्त्रें घेऊन येत व बिदर, वरंगळ येथें उतरत. हा व्यापार चालविणारा माणूस तोच सिडनी कॉटन, ज्यानें नऊ वर्षांपूर्वीं स्पिटफायरच्या बंदुका काढून तेथें कॅमेरे बसविले होते. बिदर म्हणजे आपल्या उदगीरच्या शेजारचें गांव. लँकास्ट्रियनचें इंजिन म्हणजे पुन्हां तें मर्लिनच. हैदराबादच्या नांवानें ज्या इंजिनाचा घोष इंग्लंडांत झाला, त्याच इंजिनाचा आवाज अखेरीस निजामाच्या मुलुखांत आला तो रयतेवर रोखावयाच्या बंदुका उतरविण्यासाठीं. कॉटनला पुढें इंग्लंडच्या कोर्टानें दोनशें पौंड दंड केला. एवढाच.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी फौजा संस्थानांत शिरल्या. सोलापूरकडून निघालेली मुख्य फळी नळदुर्ग घेऊन उमरग्यास पोंचली. दुसऱ्या दिवशीं पुढें राजेश्वरच्या वाटेवर दबा धरून बसलेल्यांवर हल्ला करून रस्ता मोकळा केला तो ‘टेम्पेस्ट’ विमानांनीं. हें विमानहि एका दुरुस्तीचेंच फळ. टेम्पेस्टचा पहिला प्रकार ज्या पाण्यानें थंड होणाऱ्या इंजिनावर लढला, त्याऐवजीं ‘मार्क २’ मध्यें हवेनें थंड होणारें अठरा सिलिंडरांचें ‘सेंटॉरस’ इंजिन बसविलें होतें. तें पूर्वेकडील उष्ण प्रदेशासाठीं म्हणून योजिलेलें. पण जपानचें युद्ध त्याआधींच संपलें आणि तीं विमानें आपल्या हवाई दलाकडे आलीं. त्याच दिवशीं उस्मानाबादेंत रस्त्यारस्त्यांत लढाई झाली. १७ तारखेस निजामानें शस्त्रें खालीं ठेवल्याचें जाहीर केलें. ‘विश्वासू दोस्ता’च्या मदतीस कोणी आलें नाहीं.

नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसनें दिल्लीस जाणारीं कुटुंबें पुष्कळ असतात. त्यांनीं लाल किल्ला, कुतुबमिनार पाहून झाल्यावर अर्धा दिवस काढून पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयांत मुलांना न्यावें. तेथें स्पिटफायर आहे व टेम्पेस्टहि आहे. स्पिटफायरच्या पंख्याचीं पातीं प्रथम मोजावीं. पांच असलीं कीं ग्रिफन इंजिनाचें समजावें. मग खालीं वांकून पंखांच्या पोटाखालीं पाहावें. दोन्ही बाजूंस सारख्या आकाराच्या पेट्या दिसल्या तर तें ‘मार्क ९’ च्या पुढच्या पिढींतलें; एका बाजूस चौकोनी पेटी आणि दुसरीकडे गोल नळकांडें असेल तर ‘मार्क ५’ किंवा त्याच्या आधींचें. शेपटाचें चाक आंत जातें कीं बाहेरच राहतें, तेंहि पाहावें. टेम्पेस्ट शेजारीं आलें कीं त्याचें रुंद गोल नाक व स्पिटफायरचें निमुळतें नाक यांतील फरक लहान मुलासहि सांगावा लागत नाहीं. आणि आजोबा बरोबर असतील तर उमरग्याच्या वाटेवर १९४८ सालीं यांतील कोणतें विमान आलें होतें, हें नातवंडांना त्यांनींच दाखवावें.